टॅगच्या पोटात काय, टॅगच्या अंगावर काय

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही भाविक तिथं येतात. टेकडीवर गोल, टणक दगड सापडतात. काही सुपारी-जायफळाएवढे, काही नारळाच्या आकाराचे. फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड होऊन पडला, अशी कथा सांगतात. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरनंही ती टिपून ठेवली आहे आणि त्याच नोंदीत हे दगड म्हणजे झिओलाइट या खनिजाचे गोळे आहेत, असंही म्हटलं आहे.

एखाद्यानं एकदा वाचून घ्यायचं असेल तर हा परिच्छेद पुरेसा आहे. पण समजा, जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची अशी माहिती गोळा करायची आहे. ती छापील पुस्तिकेत यायला हवी, मोबाइलवर वाचता यायला हवी, तालुकावार याद्या निघायला हव्यात, आणि ‘दर्गा असलेली गावं’ असं विचारलं तर उत्तर मिळायला हवं. आता परिच्छेदातला कोणता तुकडा गावाचं नाव आहे, कोणता तालुक्याचं, कोणता दंतकथेचा, हे यंत्राला वेगळं सांगावं लागेल. मजकुरात खुणा घालून हे सांगण्याच्या पद्धतीला मार्कअप म्हणतात. गिरडची नोंद या पद्धतीनं अशी सुरू होईल:

<गाव तालुका="समुद्रपूर" जिल्हा="वर्धा">
<नाव>गिरड</नाव>
<स्थळ प्रकार="दर्गा">शेख फरीद बाबांचा दर्गा</स्थळ>
</गाव>

कोनी कंसातली खूण म्हणजे टॅग. उघडणारा टॅग, बंद करणारा टॅग आणि त्या दोहोंमधलं सगळं मिळून एक एलिमेंट होतो. उघडणाऱ्या टॅगच्या आतच बरोबरच्या चिन्हानं जोडलेली जी जोडी आहे, ‘तालुका’ बरोबर ‘समुद्रपूर’, ती अ‍ॅट्रिब्यूट. म्हणजे माहिती ठेवायला दोन जागा आहेत: टॅगच्या पोटात किंवा टॅगच्या अंगावर. वरच्या नोंदीत नाव पोटात गेलं आणि तालुका अंगावर. उलट केलं असतं तर? नाव अंगावर आणि तालुका पोटात लिहिला असता तरी यंत्रानं तक्रार केली नसती. व्याकरण दोन्हीला मुभा देतं. म्हणूनच हा निर्णय माणसाला घ्यावा लागतो, आणि तांत्रिक दस्तऐवज लिहिणाऱ्यांमध्ये गेली कित्येक दशकं यावर वाद चालू आहे.

मार्कअपचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी हे वकिलांच्या कचेऱ्यांमधली कागदपत्रं संगणकावर हाताळण्याच्या कामावर होते. त्यातून जीएमएल ही भाषा निघाली. तिच्या पायावर एसजीएमएल उभी राहिली आणि १९८६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ती फार पसरट होती. तिची सुटसुटीत आवृत्ती म्हणून १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल जाहीर झाली. आज विमानाच्या देखभालीची पुस्तकं, सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स, यंत्रांच्या जोडणीच्या सूचना याच कुळातल्या भाषांमध्ये लिहिल्या जातात. त्यांपैकी डॉकबुक १९९१ पासून आहे. डिटा ही आयबीएममध्ये घडलेली पद्धत २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं मानक झाली. पुण्यात आणि बेंगळुरूत शेकडो मराठी माणसं रोज डिटात लिहितात. त्यातलं बहुतेक लेखन इंग्रजीत असतं. मराठीत असं लेखन कसं उभं राहील, हे मला या प्रकरणात बघायचं आहे.

आधी यंत्राचे नियम बघू, कारण निम्मे निर्णय तेच करून टाकतात. एका टॅगवर एका नावाचा अ‍ॅट्रिब्यूट एकदाच येऊ शकतो. दुसऱ्यांदा लिहिला तर फाइल उघडतच नाही. अ‍ॅट्रिब्यूटांना क्रम नसतो: तालुका आधी लिहा की जिल्हा, यंत्राच्या लेखी दोन्ही एकच. अ‍ॅट्रिब्यूटच्या किमतीत, म्हणजे बरोबरच्या चिन्हापुढं अवतरणात लिहिलेल्या मजकुरात, दुसरा टॅग बसत नाही, म्हणजे तिथं मजकुराची आतली रचना दाखवता येत नाही. आणि किमतीत नवी ओळ सुरू केली तर वाचताना तिची साधी मोकळी जागा होते, त्यामुळे परिच्छेद पाडता येत नाहीत. एलिमेंटला यातलं एकही बंधन नाही. तो कितीही वेळा येतो, त्याचा क्रम पाळला जातो, त्याच्या पोटात आणखी एलिमेंट मावतात.

हे गिरडला लावून बघा. इंग्रजी गॅझेटियर या गावाचं नाव शेवटी ‘ड’च्या जागी ‘र’ ठेवून लिहितं. जुने संदर्भ शोधणाऱ्याला ‘गिरार’ हे रूप माहीत असलंच पाहिजे, नाहीतर नोंद त्याच्या हाती लागणार नाही. गावाला दोन नावं आली की ‘नाव’ अंगावर ठेवण्याचा मार्ग बंद होतो. ते पोटात घालायचं आणि प्रत्येक नावाच्या अंगावर ते कुठलं आहे हे लिहायचं:

<नाव प्रकार="प्रचलित">गिरड</नाव>
<नाव प्रकार="गॅझेटियर">गिरार</नाव>

जे आज एकच आहे ते उद्या दोन होईल का, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत आधी विचारावा. नावं दोन होतात. रस्ते, फोन नंबर, प्रवेशद्वारंही दोन होतात. तालुका मात्र एका वेळी एकच असतो, म्हणून तो अंगावर राहिला तरी चालतो. पण त्यातही सावध राहायला हवं. तालुक्यांची फेररचना होते. गावाचा प्रशासकीय इतिहास सांगायचा असेल, तर ‘पूर्वी हे, आता ते’ असं लिहावं लागेल आणि तालुकाही पोटात न्यावा लागेल. नोंद कशासाठी आहे यावर रचना ठरते.

आता काळ घेऊ. परंपरा बाबांचा काळ तेराव्या शतकात नेते. ‘तेराव्या शतकात’ हे शब्द वाचकाला कळतात, पण काळानुसार क्रम लावणाऱ्या यंत्राला कळत नाहीत. तेव्हा दोन्ही जागा एकदम वापरायच्या:

<काळ पासून="1201" पर्यंत="1300" आधार="परंपरा">तेराव्या शतकात</काळ>

पोटात वाचकाचे शब्द, अंगावर यंत्राचे आकडे. आकड्यांकडे नीट बघा. वाचकासाठी मी या प्रकरणात देवनागरी अंक वापरतो आहे, पण अ‍ॅट्रिब्यूटमध्ये आंतरराष्ट्रीय अंक आहेत. तारखा आणि संख्या तपासणारी एक्सएमएलची मानकं तेच अंक ओळखतात. बाहेर पडताना त्यांचे देवनागरी अंक करणं हे प्रोग्रॅमचं काम. मराठीत लिहिणाऱ्यानं ही विभागणी पहिल्या दिवसापासून पाळली तर पुढं फार कष्ट वाचतात. टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या मानकात, म्हणजे जुन्या ग्रंथांच्या आणि हस्तलिखितांच्या संपादनासाठी अभ्यासक जे वापरतात त्यात, तारखेला नेमकी हीच वागणूक आहे. तिथं शब्द मूळ ग्रंथातले जसेच्या तसे ठेवतात, त्यांचा नेमका अर्थ अ‍ॅट्रिब्यूटमध्ये देतात आणि संपादकाला तो किती खात्रीचा वाटतो हेही नोंदवतात.

मग ते दगड. एकाच दगडाबद्दल नोंदीत दोन विधानं आहेत. एक श्रद्धेचं, एक भूशास्त्राचं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये लाव्हा थंड होताना पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढं पाण्याच्या वाटेनं खनिजं साकळली. झिओलाइट हा त्या खनिजांचा एक मोठा गट. दोन्ही विधानं वाचकापर्यंत पोचायला हवीत, पण एकमेकांत मिसळता कामा नयेत. अशा जागी मी एकाच नावाचा एलिमेंट दोनदा घेईन आणि फरक अ‍ॅट्रिब्यूटवर ठेवीन: <निवेदन आधार="दंतकथा"> आणि <निवेदन आधार="भूशास्त्र">. ‘दंतकथा’ आणि ‘भूशास्त्र’ असे दोन वेगळे टॅगही करता आले असते. पण उद्या तिसरा आधार आला, समजा शिलालेखाचा, की नवा टॅग, नवा नियम आणि प्रत्येक आउटपुटसाठी नवी तजवीज. अ‍ॅट्रिब्यूटच्या ठरलेल्या यादीत एक किंमत वाढवणं त्याहून कितीतरी सोपं आहे. एकाच जातीच्या गोष्टींमधला भेद अंगावर, वेगळ्या जातीच्या गोष्टी वेगळ्या टॅगमध्ये. बहुतेक वेळा हे पुरतं.

गावाच्या नोंदीत चूक झाली तर एखाद्या प्रवाशाचा वेळ जाईल. तांत्रिक सूचनांमध्ये तेवढ्यावर भागत नाही. गिरडच्या परिसरातलं खरं तांत्रिक लेखन कुठलं, असं विचारलं तर मी कीटकनाशकाच्या डब्यासोबत येणारी घडीची पत्रिका दाखवीन. हा कापूस आणि सोयाबीनचा मुलूख आहे. पावसाळ्यात पऱ्हाटी वाढली की पाठीवर पंप घेऊन फवारणी सुरू होते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागं अनेक कारणं होती आणि पत्रिकेच्या रचनेवर तो दोष टाकता येणार नाही. पण ज्या कागदावर औषधाचं प्रमाण, अंगावरचे कपडे, विषबाधेची लक्षणं आणि प्रथमोपचार लिहिलेले असतात, तो बारीक अक्षरात, अनेक भाषांच्या गर्दीत येतो. तो कागद चांगला घडवणं हे महत्त्वाचं काम आहे, आणि एलिमेंट-अ‍ॅट्रिब्यूटचा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

कीटकनाशक नियम १९७१ अन्वये प्रत्येक डब्यावर एक चौकोन टोकावर उभा छापतात. त्याच्या खालच्या त्रिकोणातला रंग विषारीपणाची श्रेणी सांगतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. श्रेणी ठरते ती प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांना मारणाऱ्या मात्रेवरून. तोंडावाटे दिलेली ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागं ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढं हिरवा. लाल श्रेणीच्या डब्यावर कवटी आणि हाडांचं चिन्हही असतं. वरच्या त्रिकोणातला इशाऱ्याचा शब्दही श्रेणीनुसार बदलतो: पहिल्या दोन श्रेणींना ‘विष’, तिसरीला ‘धोका’, चौथीला ‘सावधान’ या अर्थाचे शब्द.

पत्रिका लिहिणारा नवखा माणूस काय करतो? तो रंग लिहितो, चिन्हाचं चित्र डकवतो, इशाऱ्याचा शब्द ठळक करतो. म्हणजे दिसणं लिहितो. तीन जागी तीन गोष्टी हातानं केल्या की कधीतरी पिवळ्या त्रिकोणाशेजारी निळ्याचा शब्द जाऊन बसणार. यातली मूळ माहिती एकच आहे, श्रेणी. ती चारांपैकी एक असते, तिला आतली रचना नसते, तिचा अनुवाद करायचा नसतो आणि बाकी सगळं तिच्यावरून ठरतं. अ‍ॅट्रिब्यूटसाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही:

<पत्रिका श्रेणी="लाल">

एवढं लिहिलं की रंग, कवटी, इशाऱ्याचा शब्द हे सगळं आउटपुट बनवणारा प्रोग्रॅम भरतो. मराठी पत्रिकेत मराठी शब्द, तेलुगू पत्रिकेत तेलुगू. आणि ‘श्रेणी’ला चारच किमती चालतील, असं स्कीमात, म्हणजे फाइलची रचना ठरवणाऱ्या नियमावलीत, बांधून ठेवलं की कुणी ‘लालसर’ किंवा ‘नारंगी’ लिहिलं तर फाइल तपासणीतच अडते. ठरलेल्या यादीतून निवडायची गोष्ट अंगावर ठेवावी, यामागचं मोठं कारण हेच. पोटातला मजकूर असा शब्दाशब्दाला तपासण्याची सोय सगळ्या साधनांत सारखी नसते. अ‍ॅट्रिब्यूटची ठरलेली यादी मात्र एसजीएमएलच्या दिवसांपासून तपासली जाते.

प्रथमोपचार मात्र पूर्णपणे पोटातला विषय. तिथं पायऱ्या आहेत, त्यांना क्रम आहे, एखाद्या पायरीच्या आत ‘डोळ्यांत गेलं असेल तर’ असा पोटभाग आहे, आणि वाचणारा घाबरलेला आहे. डिटामध्ये धोक्याची सूचना लिहायला स्वतंत्र एलिमेंट आहे आणि त्याची घडण मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. धोका किती गंभीर आहे ते अंगावर, ठरलेल्या यादीतून. पोटात तीन प्रकारचे एलिमेंट: धोका कसला आहे, तो ओढवला तर काय होईल, आणि टाळायचा कसा. परिणाम एकाहून जास्त लिहिता येतात. टाळण्याचा उपाय किमान एक लिहावाच लागतो, नाहीतर फाइल नियमाला धरून राहत नाही. नुसतं ‘काळजी घ्या’ म्हणून हात झटकायला ही रचना जागाच ठेवत नाही.

मात्रेचं काय? इथं घोळ सर्वांत जास्त होतो, म्हणून जरा थांबू. शिफारस हेक्टरी असते, शेतकरी एकरात विचार करतो आणि मिसळतो ते पंपात. केवळ हिशेबासाठी एक आकडा घेऊ, शिफारस म्हणून नव्हे: हेक्टरी ५०० लिटर पाण्यात २५० मिलिलिटर औषध. म्हणजे लिटरमागं अर्धा मिलिलिटर. १५ लिटरच्या पंपाला साडेसात मिलिलिटर, १६ लिटरच्या पंपाला आठ. एकराला साधारण १०१ मिलिलिटर. हे एका ओळीत अंगावर लिहिण्याचा मोह होतो:

<मात्रा औषध="250" औषध-एकक="मिली" पाणी="500" पाणी-एकक="लिटर" क्षेत्र="हेक्टर"/>

‘औषध-एकक’ आणि ‘पाणी-एकक’ ही नावं बघा. एक अ‍ॅट्रिब्यूट दुसऱ्या अ‍ॅट्रिब्यूटबद्दल सांगू पाहतो आहे आणि ते नातं नावातल्या जोडरेघेवर टांगलं आहे. यंत्राला ते नातं दिसत नाही. नावाला शेपूट लावावी लागली की समजावं, इथं अ‍ॅट्रिब्यूट नको, एलिमेंट हवा:

<मात्रा क्षेत्र="हेक्टर">
<औषध एकक="मिली">250</औषध>
<पाणी एकक="लिटर">500</पाणी>
</मात्रा>

संख्या पोटात, ती कशात मोजली ते अंगावर. आता औषधाचं एकक औषधाशी आणि पाण्याचं पाण्याशी बांधलं गेलं. या एका नोंदीवरून हेक्टरचा तक्ता, एकराचा तक्ता, दोन्ही मापांच्या पंपांचा तक्ता यंत्राला काढता येतो. शिफारस बदलली तर आकडा एकाच जागी बदलावा लागतो. शेतात बाटलीच्या झाकणानं माप घेणारा माणूस डोळ्यापुढं आणला, तर पंपागणिक नेमका आकडा छापून देणं किती मोलाचं आहे हे वेगळं सांगायला नको.

एकच फाइल अनेकांसाठी असते, त्याचीही सोय अ‍ॅट्रिब्यूटमध्येच आहे. उताऱ्याची माहिती डॉक्टरसाठी, साठवणीची दुकानदारासाठी, हातमोजे आणि वाऱ्याची दिशा फवारणाऱ्यासाठी. परिच्छेदाच्या अंगावर ‘वाचक’ लिहिला की बाहेर काढताना हवे तेवढेच परिच्छेद निवडता येतात. डिटात वाचक, उत्पादन, प्रणाली यांसाठी असे ठरलेले अ‍ॅट्रिब्यूट आहेत आणि त्यांत जागा सोडून एकाहून अधिक किमती लिहिता येतात. पण माझं एक आग्रहाचं म्हणणं आहे: विषबाधेच्या लक्षणांवर आणि प्रथमोपचारावर वाचकाची अट कधीही लावू नये. निवडीच्या यादीत एखादा शब्द चुकला तर तो परिच्छेद गुपचूप गळून जातो. कुणालाही चूक दिसत नाही, आणि ज्याला गरज होती त्याच्या कागदावर तो नसतो.

आता खास मराठीच्या गोष्टींकडे वळतो. एक्सएमएलमध्ये टॅगांची नावं देवनागरीत ठेवता येतात. या प्रकरणातली उदाहरणं केवळ समजुतीपुरती नाहीत, ती यंत्राला चालतात. नावात मोकळी जागा नको, नावाची सुरुवात अंकानं नको, एवढी काळजी घ्यायची. पण एक सापळा आहे. यंत्र दोन नावांची तुलना दिसण्यावरून करत नाही, साठवलेल्या चिन्हांवरून करतं. ‘पऱ्हाटी’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकित होतो: एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून, एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढं न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. एका लेखकानं <पऱ्हाटी> असा टॅग एका तऱ्हेनं उघडला आणि दुसऱ्यानं दुसऱ्या तऱ्हेनं बंद केला, तर फाइल मोडते आणि डोळ्याला कारण सापडत नाही. इंग्रजी ‘अ‍ॅ’च्या उच्चाराचं अक्षरही असंच दोन तऱ्हांनी साठवलं जातं. म्हणून टॅगची आणि अ‍ॅट्रिब्यूटची नावं साध्या अक्षरांची ठेवावीत. ‘पऱ्हाटी’सारखा बोलीतला जिवंत शब्द पोटात असावा. तिथं तो वाचकासाठी आहे आणि अशा फरकानं रचना कोसळत नाही.

दुसरी गोष्ट भाषेच्या अ‍ॅट्रिब्यूटची. एक्सएमएल आणि एचटीएमएल दोन्हीत मजकुराची भाषा अंगावर नोंदवायची सोय आहे. मराठीला आंतरराष्ट्रीय यादीत दोन अक्षरी संकेत आहे, वऱ्हाडी-नागपुरीला स्वतंत्र तीन अक्षरी संकेत आहे. हा अ‍ॅट्रिब्यूट अनेक जण आळसानं सोडून देतात. त्याचा परिणाम मात्र अक्षरांवर दिसतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठीत रूढ असलेली वळणं हिंदीतल्या वळणांहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठीची वळणं प्रमाण ठरवली. पण युनिकोडमध्ये दोन्ही भाषांचा ‘ल’ एकच आहे. कोणतं रूप दाखवायचं हे फाँट ठरवतो, आणि दोन्ही रूपं असलेल्या फाँटला ते भाषेच्या अ‍ॅट्रिब्यूटवरून कळतं. भाषा नोंदवली नाही तर मराठी पत्रिकेत हिंदी वळणाचा ‘ल’ येऊ शकतो. ओळीच्या शेवटी शब्द तोडणं, वाचून दाखवणारा संगणकी आवाज, शुद्धलेखन तपासणी हे सगळंही याच एका नोंदीवर चालतं.

याच्याच उलट बाजूला एक ठाम नियम उभा आहे: वाचकानं वाचायचा, अनुवाद व्हायचा मजकूर अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवू नये. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या मार्गदर्शनात हेच सांगितलं आहे आणि कारणं साधी आहेत. अंगावरच्या मजकुरात एका शब्दापुरती भाषा बदलून दाखवता येत नाही, रसायनाचं नाव ‘अनुवाद करू नका’ म्हणून वेगळं काढता येत नाही, एखादं अक्षर खाली-वर बसवता येत नाही. या नियमाचा भंग वेबच्या अगदी पायात झालेला आहे. एचटीएमएलमध्ये चित्राचं पर्यायी वर्णन, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी लिहिलेला मजकूर, अ‍ॅट्रिब्यूटमध्ये आहे. कोट्यवधी पानं त्यावर उभी असल्यानं आता ते हलवता येत नाही. डिटानंही सुरुवातीला तेच उचललं होतं. पुढं त्यांनी त्या वर्णनासाठी वेगळा एलिमेंट दिला आणि जुना अ‍ॅट्रिब्यूट वापरू नका, असं सांगितलं. मॅन्युअल लिहिणाऱ्या लोकांनी अनुभवानं केलेली ही दुरुस्ती मला शंभर तत्त्वचर्चांपेक्षा जास्त पटते.

तरीही सगळं अंगावर ठेवणाऱ्या एका यशस्वी रचनेचा उल्लेख करायलाच हवा. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला जगाचा नकाशा २००४ मध्ये सुरू झाला. त्यात गिरडसारखं गाव हा एक बिंदू असतो. अक्षांश-रेखांश त्या बिंदूच्या अंगावर असतात आणि पोटात बारीक बारीक टॅग. प्रत्येक टॅगच्या अंगावर दोनच अ‍ॅट्रिब्यूट: गुण कोणता आणि त्याची किंमत काय. नाव, मराठी नाव, वस्तीचा प्रकार, सगळं याच साच्यात. जगभरच्या हौशी लोकांना कोणते गुण नोंदवावेसे वाटतील हे आधी ठरवणं अशक्य होतं, म्हणून गुणांची नावंच त्यांनी किमतींमध्ये नेली. किमतीला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. नकाशाला ती पुरते. तिथं दंतकथा सांगायची नसते, प्रथमोपचार शिकवायचा नसतो. सूचना लिहिणाऱ्यानं ही रचना उचलली तर त्याच्या पायऱ्यांना क्रमही राहणार नाही आणि पोटभागही.

मग नक्की ठरत नसेल तेव्हा काय करावं? माझं उत्तर: पोटात ठेवावं. त्यामागं एक व्यावहारिक हिशेब आहे. रचना चुकली हे बहुधा शेकडो फाइली तयार झाल्यावर कळतं आणि तेव्हा सगळं बदलावं लागतं. एक्सएमएलचं रूपांतर करायला एक्सएसएलटी नावाची भाषा १९९९ पासून आहे. तिच्यात काही ओळी लिहून सगळ्या फाइलींमधला एखादा अ‍ॅट्रिब्यूट एलिमेंटमध्ये किंवा एलिमेंट अ‍ॅट्रिब्यूटमध्ये हलवता येतो. हलवणं सोपं आहे. अवघड आहे ते एका किमतीत कोंबलेलं पुन्हा सोडवणं. समजा पत्रिकेत कुणी असं लिहून ठेवलं आहे:

<फवारणी अट="सकाळी किंवा संध्याकाळी, वारा कमी असताना, पाऊस नसेल तर, फुलोरा सोडून"/>

यात वेळ आहे, वारा आहे, पाऊस आहे, पिकाची अवस्था आहे. स्वल्पविराम तीन आहेत, पण ‘किंवा’ पहिल्या तुकड्याच्या आत आहे आणि ‘सोडून’ शेवटच्या तुकड्याचा अर्थच उलटा करतं. हे चार वेगळ्या एलिमेंटांत वाटणारा प्रोग्रॅम एका पत्रिकेपुरता लिहिता येईल, पण दुसऱ्या पत्रिकेत शब्दांचा क्रम वेगळा असेल आणि तिसरीत फुलोऱ्याचा उल्लेख सुरुवातीलाच असेल. तिथं पिकाची जाण असलेल्या माणसाला बसवून प्रत्येक ओळ वाचून घ्यावी लागते. ते काम हंगामाच्या आधी संपवावं लागतं, कारण जूनमध्ये पाऊस पडला की छापखान्यातून पत्रिका निघालेल्या असतात.